सहाणेच्या चाकावरची भाकरी
(शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आमचे पोट ज्या धंद्यावर चालते त्या धंद्याविषयी चार शब्द सांगावे, अशी आपली आज्ञा झाली म्हणून आम्ही उभे आहोत. सहाणेची चाके आणि लोखंड कापणारी हत्यारे तयार करणाऱ्या कारखान्यातले आम्ही कामगार. आपणांपैकी पुष्कळांच्या घरची मुले हल्ली आय.टी.आय.चा दाखला घेऊन अशाच कारखान्यांची वाट धरतात. जमिनीचे तुकडे पडत चालले, एका विहिरीवर चार भाऊ पोसत नाहीत, आणि लोहाराच्या भात्याला गावात पूर्वीसारखे काम उरले नाही. तेव्हा पोरगा शहराच्या बाजूस गेला तर त्यात त्याचा काय दोष? परंतु तो जेथे जातो तेथे काय बनवतो, कशाने जखमी होतो आणि त्याच्या छातीत काय जाते, हे घरच्या माणसांना ठाऊक नसते. महिन्याचा पगार आला की घर समाधान मानते. पगारामागचे घराला कळावे, एवढ्याचसाठी हे बोलणे आहे.

प्रथम वस्तू काय ती पाहू. विळ्याला धार लावावयास आपण निसणा वापरतो. शिकलगार पायाने चाक फिरवून सुऱ्या-कात्र्या पाजवतो. कारखान्यातले चाक हे त्याच निसण्याचे मोठे भावंड होय. आपल्या विहिरीवरच्या पंपाचा दांडा, त्याच्या बेअरिंगमधील गोळ्या, शिवणयंत्राची सुई, ट्रॅक्टरच्या इंजिनातले भाग, ऊसतोडीचा कोयता, यांपैकी एकही जिन्नस सहाणेच्या चाकाखालून गेल्यावाचून पुरा होत नाही. लोखंडाला आकार देणारे हत्यार वेगळे, आणि त्या हत्याराला धार देणारे हे चाक वेगळे. दोन्ही आमच्या हातून बाहेर पडतात.

आता हे ज्ञान कोणाचे? कोणी म्हणेल, साहेबाचे. साहेबाने पुष्कळ केले, ते आम्ही नाकारीत नाही. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन नावाच्या गृहस्थाने १८९१ साली माती व कोक विजेच्या झोताने तापवून हिऱ्याखालोखाल कठीण असे खडे मिळवले. त्यांना त्याने ‘कार्बोरंडम’ असे नाव दिले. त्या नावात कार्बन आहे आणि कॉरंडम आहे. हा कॉरंडम शब्द इंग्रजांनी कोठून नेला? तो दक्षिणेतल्या कुरुंदम् या शब्दापासून आला आहे. आपल्याकडचा शिकलगार ज्याला कुरुंदाचा दगड म्हणतो, तोच तो. म्हणजे दगड आमच्या माणसांच्या हातात होता, नावही आमच्या माणसांनी ठेवलेले होते. फक्त तो दगड भट्टीत कसा बनवावा याचा शोध येथे झाला नाही. का झाला नाही? कारण ज्याच्या हातात दगड होता त्याच्या हातात पाटी दिली नाही, आणि ज्याच्या हातात पोथी होती त्याने दगडाला हात लावणे हलके मानले. हात एका जातीत आणि अक्षर दुसऱ्या जातीत, अशी वाटणी ज्या देशाने केली त्याला शोध कोठून लागणार?

दुसरी गोष्ट आमच्या कुंभार बांधवांनी नीट ऐकावी. हल्लीचे चाक हे दगड तासून केलेले नसते. कठीण दाणे मोजून घेतात, त्यांत चिकणमाती आणि फेल्डस्पार नावाचा खनिज मिसळतात, साच्यात दाबतात, वाळवतात, आणि भट्टीत बाराशे अंशांच्याही वर भाजतात. मग ते हळूहळू निववतात, कारण घाई केली तर तडकते. ही कृती कोणाची झाली? सरळ कुंभाराची! आणि हे अलंकाराने बोलणे नव्हे. अमेरिकेतील वूस्टर या गावी फ्रँक नॉर्टन याचा मडकी-बरण्यांचा कारखाना होता. तेथल्या स्वेन पुलसन नावाच्या स्वीडनहून आलेल्या कुंभाराने १८७० नंतरच्या दशकात असे भाजलेले चाक करून दाखवले, आणि त्यातूनच १८८५ साली नॉर्टन कंपनी उभी राहिली. कुंभाराला तेथे शाळेची दारे बंद नव्हती आणि त्याच्या हाताचा विटाळ कोणाला होत नव्हता, म्हणून मडक्याच्या आव्यातून जगभर चालणारा धंदा निघाला. आपल्या मुलखात असा पहिला कारखाना १९४१ साली उरणजवळ मोरा येथे निघाला. मध्ये साठ-सत्तर वर्षांचे अंतर पडले.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले त्यात सर्वसामान्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीने मिळावे, अशी मागणी होती. ती मागणी वेळीच ऐकली असती तर आमचे लोहार, सुतार, कुंभार, पाथरवट केवळ हमाल म्हणून कारखान्यात शिरले नसते.

कारण आज काय चालले आहे ते पाहा. गावचा मुलगा कारखान्यात जातो, ठेकेदाराच्या वहीत नाव लागते, आणि त्याला सांगतात, “हे उचल, तिकडे ठेव.” पाच वर्षे तो चाके उचलतो, पण चाकावर छापलेले त्याला वाचता येत नाही आणि कोणी शिकवीतही नाही. ते काही वेदमंत्र नव्हेत. चाकावर लिहिलेले असते: ए ६० के ५ व्ही. यातला पहिला ‘ए’ म्हणजे अ‍ॅल्युमिना. हा बॉक्साइटपासून होतो, आणि बॉक्साइट आपल्या कोल्हापूरकडच्या डोंगरमाथ्यांवरही आहे. तेथे ‘सी’ असला तर तो अ‍ॅचेसनचा कार्बोरंडम समजावा. ६० हा दाण्याचा आकडा, चाळणीवरून घेतलेला. आकडा मोठा तितका दाणा बारीक. ‘के’ म्हणजे दाणे किती घट्ट धरले आहेत ते. ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत घट्टपणा वाढत जातो. ५ हा दाण्यांमधल्या मोकळ्या जागेचा अंक. शेवटचा ‘व्ही’ म्हणजे भट्टीत भाजलेले; तेथे ‘बी’ असला तर राळेने चिकटवलेले.

मऊ लोखंडाला घट्ट चाक आणि कठीण पोलादाला मऊ चाक, हा धंद्याचा नियम ऐकून माणूस प्रथम हसतो. पण कारण सोपे आहे. कठीण पोलादावर दाणे लवकर बोथट होतात. चाक मऊ असले तर बोथट दाणा आपोआप गळतो आणि खालचा ताजा दाणा वर येतो. चाक फार घट्ट असले तर बोथट दाणे तसेच राहतात, चाक गुळगुळीत होते, माल तापतो आणि जळतो. मग हिऱ्याच्या टोकाने चाक खरवडून काढावे लागते. आमच्या मायबहिणींना हे समजावयास नको. जाते गुळगुळीत झाले, पीठ भरड पडू लागले, की टाकी लावून घेतात की नाही? ज्या बाईला जाते केव्हा टाकवावे हे कळते, तिच्या मुलाला हे चाक न कळावयास काय झाले? कळत नाही, कारण कोणी सांगत नाही. सांगितले तर तो हमालाचा कारागीर होईल, आणि कारागिराची मजुरी मागेल.

न शिकवण्याची किंमत मजुरीपुरती असती तरी सोसली असती. ती बोटांनी आणि प्राणांनी द्यावी लागते. आम्ही पूर्वी एका कारखान्यात कामाला होतो. त्याचे नाव घेत नाही. तेथे खंडेनवमीला मोठा थाट असे. यंत्रांना झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ, लिंबू-मिरची, पुरोहिताला दक्षिणा, आम्हांला पेढे. एक मोठे सहाणयंत्र होते. त्याच्यावरचा लोखंडी पडदा, म्हणजे चाकावरचे झाकण, मोठा माल बसेना म्हणून काढून ठेवलेले होते. पडद्यावाचूनच चाकाला हार घातला आणि पडद्यावाचूनच काम पुढे चालले. काही दिवसांनी चाक बदलले. नव्या बारा इंची चाकावर स्पष्ट छापले होते की मिनिटाला २००० फेऱ्यांपलीकडे चालवू नये. यंत्राची मोटार २८०० फेऱ्यांची. ज्याने चाक बसवले त्याला आकडा वाचावयास कोणी शिकवले नव्हते; ज्याला वाचता येत होते तो कचेरीत बसला होता. दुपारी चाक फुटले. एक तुकडा छपराचा पत्रा फाडून गेला, दुसऱ्याने आमच्या सोबत्याची दोन बोटे नेली.

आणि मग काय बोलणे झाले म्हणता? पूजेत काही खोट राहिली! जखमी माणसाच्या घरी त्याच्या म्हाताऱ्या आईकडून शांत करविली. त्यासाठी तिने उसने पैसे काढले. बंधूंनो, हिशेब आम्ही मांडतो, खोट कोठे होती ते आपण ठरवा. बारा इंची चाक मिनिटाला २००० फेऱ्या घेते तेव्हा त्याची कड ताशी सुमारे ११५ किलोमीटर वेगाने धावते. २८०० फेऱ्यांना तीच कड सुमारे १६१ किलोमीटरने धावते. वेग दीडपटही झाला नाही. पण चाकाला आतून फाडणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो जवळजवळ दुप्पट झाला. हे गणित कोणत्याही देवाला चुकवता येत नाही, आणि ते मांडण्यास पंचांग लागत नाही. हाराचे पैसे निघाले, पेढ्यांचे निघाले, दक्षिणेचे निघाले. पडद्याचे निघाले नाहीत.

आम्ही आपल्या आनंदाच्या आड येत नाही. वर्षाच्या सणाला हत्यार धुवावे, पुसावे, तेल द्यावे, मुलाबाळांना गोड खाऊ घालावे. परंतु सहाणेच्या चाकाची खरी पूजा कशी करतात ती ऐका. नवे चाक हाती आले की प्रथम ते डोळ्याखालून घालावे. मग बोटावर अथवा दांडीवर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवावे. भाजलेले चाक चांगले असेल तर खणखणीत वाजते. तडा असेल तर बद्द वाजते. बाजारात मडके घेताना आपण हेच करतो. (राळेचे चाक मुळातच दबके वाजते, ते लक्षात ठेवावे.) नंतर चाकावरचा आकडा आणि यंत्राच्या फेऱ्या ताडून पाहाव्या. बसवताना दोन्ही बाजूंस कागदी चकत्या घालाव्या. माल टेकवण्याची पट्टी चाकापासून तीन मिलिमीटरहून लांब नसावी, नाहीतर माल आणि बोट दोन्ही फटीत ओढली जातात. पडदा लावावा, डोळ्यांवर चष्मा घालावा, चाक सुरू करून पहिला मिनिटभर बाजूस उभे राहावे. ही पूजा घडीभरात होते. तिला मुहूर्त लागत नाही आणि ती कोणत्याही जातीच्या माणसाने केली तरी चाकाला पावते.

आता जो शत्रू दिसत नाही त्याच्याकडे वळू. तो म्हणजे धूळ. विलायतेत शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचे गाव. तेथे पूर्वी वाळूच्या दगडाची चाके होती. काही कारागीर पाणी सोडून ओली सहाण चालवीत, काही कोरडी. तेथल्या डॉ. नाइट यांनी दिलेली माहिती फ्रीड्रिख एंगल्स यांच्या १८४५ सालच्या पुस्तकात आली आहे: कोरडी सहाण चालवणारा जेमतेम पस्तिशी गाठी, आणि ओली चालवणारा क्वचितच पंचेचाळिशी ओलांडी. केवळ पाण्याच्या धारेने दहा वर्षांचे आयुष्य! त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. धूळ अडवण्याची साधने निघाली तेव्हा तेथल्या काही कारागिरांनीच ती नाकारली. धंदा सुरक्षित झाला तर जास्त माणसे येतील आणि मजुरी उतरेल, अशी त्यांना भीती वाटली. आपले मरण हेच आपल्या मजुरीचे भांडवल, असे ज्या माणसाला वाटू लागते, त्याची स्थिती किती लाचार झाली असेल! आजही आमचे तरुण सोबती म्हणतात, “धुळीच्या खात्यात चार पैसे जास्त मिळतात.” त्यांनी शेफील्डची आठवण ठेवावी.

वाळूच्या दगडात सिलिका असते. ती फुप्फुसात रुतून सिलिकोसिस नावाचा रोग होतो. हल्लीच्या अ‍ॅल्युमिना व कार्बोरंडमच्या चाकांनी तो धोका पुष्कळ कमी केला, हे खरे. पण तो गेला असे समजू नये. ओतीव मालावर साच्याची वाळू चिकटलेली असते. ती घासताना सिलिकाच उडते. आणि कापणीच्या कठीण हत्यारांत टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टने सांधलेली असते. ती भुकटी मिसळताना, आणि त्या हत्याराला धार लावताना, कोबाल्टची धूळ उडते. तिनेही फुप्फुसाचा वेगळा रोग जडतो. जी धूळ डोळ्यांना दिसते ती बहुतेक नाकातच अडकते. घात करते ती न दिसणारी. तोंडावर बांधलेल्या रुमालाने ती थांबत नाही. तिला तोंडापाशी येऊ न देता यंत्रापाशीच नळीने ओढून घेतली पाहिजे, अथवा पाण्याने दाबली पाहिजे. धुळीची नळी चालू आहे की केवळ पाहुण्यांना दाखवावयास टांगली आहे, हे कामगाराने विचारलेच पाहिजे.

सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. त्यात भर म्हणजे तो झालेल्यास क्षय लवकर जडतो. खोकला सुरू होतो, माणूस गावी परत येतो, डॉक्टर क्षयाच्या गोळ्या देतो, कागदावर क्षय लिहिला जातो, आणि कारखाना हात झटकून मोकळा होतो. देवऋषी करणी म्हणतो, सोयरेधायरे दारू म्हणतात. मूळ कारण कोणीच लिहीत नाही. इटलीतल्या डॉ. रामाझिनी यांनी १७०० सालच्या ग्रंथात वैद्यांना सांगून ठेवले आहे की रोग्याला त्याचा धंदा विचारा. वैद्य विचारीत नसेल तर आपण होऊन सांगा! मायबहिणींनो, हे काम तुमचे. नवरा अथवा मुलगा जिना चढताना धापा टाकू लागला तर डॉक्टरापुढे पहिले वाक्य हे बोला: “हा अमुक वर्षे सहाणेच्या खात्यात होता.” त्याचे कामाचे कपडे घरात झटकू नका, बाहेर पाण्यात भिजवून मग धुवा. ती धूळ लेकरांच्या छातीसाठी नाही.

कायदा काय म्हणतो? १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने धंद्यापासून जडणाऱ्या रोगांचा हक्क मान्य केला. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवावयाचा रोग ठरवला. हे दोन्ही कायदे आता २०२० सालच्या संहितांत सामील झाले आहेत. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. नव्या संहितेतही सिलिकोसिस कळवावयाच्या रोगांच्या यादीत आहे, आणि प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधन आहे. हे पत्र म्हणजे क्षुल्लक कागद समजू नका. जमिनीचा सातबारा आपण पेटीत जपून ठेवतो, तसा हा हाताचा सातबारा. पत्र नसेल तर दहा वर्षांनी कोण मान्य करील की हा मनुष्य आमच्या धुळीत उभा होता? नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, ई.एस.आय.चा क्रमांक, छातीच्या फोटोचा कागद, हे चार कागद सातबाऱ्याच्या पेटीतच ठेवावे. ठेकेदार बदलला तरी पेटी बदलत नाही.

एकट्याने मागितले तर हे मिळत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पडदा मागणाऱ्या एकाला “उद्यापासून येऊ नको” म्हणणे सोपे असते. पन्नासांना म्हणणे अवघड जाते. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे अनुयायी, सत्यशोधक. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, ‘दीनबंधु’ चालवला, आणि १८९० साली गिरणीमालकांना आठवड्याची सुटी कबूल करावयास लावली. रविवारची सुटी आज सर्वांना सृष्टीच्या आरंभापासून असल्यासारखी वाटते. ती आपल्याच माणसांनी मागून घेतलेली आहे. तसाच पडदा, तशीच धुळीची नळी, तसेच नेमणूकपत्र मागून घ्यावे लागेल. आणि मागताना आपला लोहार, त्यांचा महार, पलीकडचा मुसलमान, परप्रांतातून आलेला भय्या, असे भेद घेऊन गेलो तर मालकाचे काम आपणच केले असे होईल. फुटलेल्या चाकाचा तुकडा जात विचारून येत नाही, आणि धूळ सर्वांच्या छातीत सारखीच बसते.

आमचे मागणे थोडके आहे. ज्यांच्या घरचा मुलगा या धंद्यात आहे त्यांनी तो सणाला गावी येईल तेव्हा जेवणापूर्वी चार प्रश्न विचारावे: चाकावर पडदा आहे काय? चाकावरचा आकडा तुला वाचता येतो काय? धुळीची नळी चालते काय? नेमणुकीचे पत्र कोठे आहे? ज्यांचा मुलगा अजून शाळेत आहे त्यांनी त्याला गणित सोडू देऊ नये. मुलीलाही शिकवावी, आकडे वाचणारी आई घरात असली तर त्या घरचा मुलगा आंधळेपणाने यंत्रापुढे उभा राहणार नाही. आणि यंदाच्या खंडेनवमीला कारखान्यात हार आणला जाईल तेव्हा आपल्या मुलांनी एकमुखाने एवढेच म्हणावे की आधी पडदा बसवा, मग हार घाला.

 ज्यांना चाकावरची अक्षरे समजून घ्यावयाची असतील त्यांच्यासाठी एक तुटके चाक आम्ही बरोबर आणले आहे. सभा संपल्यावर पुढे यावे, हातात घ्यावे, वाजवून पाहावे. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.